‘म्हणे’ गळून पडतं तेव्हा

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. करमाळ्याच्या एसटी स्टँडसमोर माझ्या मामाचा एसटीडी बूथ होता आणि कॉलेजला दांडी मारून मी गल्ल्यावर बसलो होतो. काचेची केबिन, आत रेक्झिन फाटलेलं स्टूल, बाहेर काउंटरवर लाल आकडे पळवणारं मीटर. एरवी दिवसा बूथवर यायचे ते भुसार आणि केळीवाले व्यापारी. बाकी गाव रात्री दर उतरायची वाट बघायचं. त्या दिवशी मात्र सकाळी दहाच्या आत रांग लागली. पुणे, मुंबई, सुरत. एकाने तर थेट मस्कतला लावला. सगळ्यांचं बोलणं एकच. गणपती दूध पितोय, चमचा सोंडेला लावून बघा.

केबिनचं दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. एका बाईंचा फोन अजून आठवतो. पलीकडून कोणीतरी विचारलं असावं, कारण त्या घाईघाईने म्हणाल्या, ‘‘मी नाही बघितलं, आमच्या शेजारच्या वैनींनी बघितलं.’’ मग थोडं थांबून, ‘‘म्हणजे त्यांच्या जाऊबाईंनी.’’ मीटर पळतच होतं. पूर्ण दराने पैसे मोजून त्या बाईंनी जाऊबाईंची साक्ष पुण्याला पोचवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘‘तू गेला नाहीस अजून? दूध संपलंय बाजारात.’’

ती बातमी एका दिवसात देशभर फिरली आणि परदेशातल्या देवळांपर्यंतही गेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पृष्ठताण आणि केशाकर्षण हे आठवीच्या पुस्तकातले शब्द पेपरांच्या पहिल्या पानावर आले. कोणत्याही दगडी मूर्तीला, अगदी फरशीच्या कडेलाही भरलेला चमचा टेकवला तर दूध ओघळून खाली उतरतं, हे अंनिसवाल्यांनी, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी, चौकाचौकांत दाखवलं. नुकसान झालं ते दुधाचं. मामाचा त्या दिवशीचा गल्ला महिन्यातला सगळ्यात मोठा होता.

हा प्रसंग मी इतकी वर्षं गंमत म्हणून सांगत आलो. आता त्यातली गंमत कमी आणि त्या बाईंचं ‘म्हणजे त्यांच्या जाऊबाईंनी’ जास्त आठवतं.

मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक बारीकसा शब्द आहे. ‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ आणि ‘पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणे’ या दोन वाक्यांत फरक एवढ्याच शब्दाचा. पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने आपलं अंग काढून घेतलेलं असतं. मी पाहिलेलं नाही, कोणी पाहिलं तेही छातीठोक सांगता येणार नाही, घ्यायचं तर घे. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. तो लगेच कुऱ्हाड घेऊन निघत नाही, ‘कोण म्हणालं?’ असं विचारतो. आपल्या आज्यांनी सगळी गावकी या एका शब्दाच्या आधाराने चालवली.

माझं म्हणणं असं की माहितीचं कोणतंही नवं साधन आलं की सगळ्यात आधी हे ‘म्हणे’ गळून पडतं. अफवा जुन्याच असतात, भीतीही जुनीच असते. नव्या साधनावरून येताना ती ‘म्हणे’ मागे टाकून येते. त्या साधनाला ‘म्हणे’ कसं आणि कुठे जोडायचं हे समाजाला कळेपर्यंत जो काळ जातो, तो उलथापालथीचा काळ. त्यात दंगे होतात, माणसं मरतात. आणि त्याच काळात काही माणसांना पहिल्यांदा तोंड फुटतं. या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात म्हणूनच हा विषय अवघड आहे.

अशा चर्चेत युरोपात छपाई आणणारा गुटेनबर्ग आणि तिच्या बळावर चर्चला हादरवणारा ल्यूथर हमखास येतात. ते खरंच आहे, पण इतक्या लांब जायची गरज नाही. आपल्याकडे छपाई घराघरांत शिरली ती १८३०च्या दशकात. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं १८३१ साली आणि बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ला. छापील कागदाला शिवायला सोवळी मंडळी कचरत, कारण शाईत चरबी. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं म्हणे. (हे ‘म्हणे’ माझं.) विटाळाची भीती तुपाने गेली, पण पुढे झालं ते उलटंच. ज्या कागदाला हात लावायची भीती होती तोच पुरावा ठरला. ‘छापून आलंय’ म्हटलं की वाद संपला. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो, त्याची जीभ सैल आहे की नाही हे गावाला ठाऊक असतं. खिळ्याच्या अक्षराला चेहरा नसतो. सरकारी हुकूम, पंचांगातली तिथी आणि कोणाच्या तरी डोक्यातली कंडी, तिन्ही एकाच टायपात दिसतात.

त्यात तार आली, रेल्वे आली. जुलै १८९३ मध्ये काठेवाडच्या टोकाला, प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगल झाली. चाळीस वर्षं आधी ती तिथल्या तिथे पेटून विझली असती आणि मुंबईला कळेपर्यंत शिळी झाली असती. या वेळी बातमी ताजी आली. सभा भरल्या, वर्गण्या निघाल्या, लेख छापले गेले. ११ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत हिंदू आणि मुसलमान एकमेकांवर तुटून पडले. ज्यांनी प्रभासपाटण कधी पाहिलं नव्हतं ती माणसं त्या गावाच्या भांडणासाठी भायखळ्याच्या गल्लीत मेली. गोरक्षणाची चळवळ होती, ताबुतांच्या वाटेवरचे जुने तंटे होते, गिरण्यांत घासाघीस होती. तारेने यातलं काही निर्माण केलं नाही. तिने लांबचा राग जवळ आणला आणि मधला वेळ खाऊन टाकला. रागाला निवायला लागतो तोच हा वेळ.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अफवेला यंत्र कशाला लागतं? ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगच्या पहिल्या साथीत, मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस जिवंत येत नाही, त्याला मुद्दाम मारतात, अशी वस्त्यांत बोलवा होती. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. खरं आहे. पण त्या बोलवेला बळ मिळालं ते सरकारच्या शब्दाची पत गेलेली होती म्हणून. लोक सरकारी जाहीरनाम्याला ‘म्हणे’ लावत आणि शेजाऱ्याच्या भीतीला लावत नसत. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरांत घुसू लागले तेव्हा तर उरलीसुरली पतही गेली. २२ जून १८९७ला तिथल्या प्लेग बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने खटला भरला तो टिळकांवर, ‘केसरी’त छापलेल्या मजकुराबद्दल. दीड वर्षाची सजा झाली. उलथापालथ झाली की सत्तेचा हात पहिल्यांदा यंत्राच्या गळ्याकडे जातो. आधी १८७८चा देशी वृत्तपत्रांचा कायदा होता, मग राजद्रोहाचं कलम १२४ अ वापरात आलं. आता एका आदेशात अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद होतं आणि या कामात आपला देश वर्षानुवर्षं जगात आघाडीवर आहे. इंटरनेट बंद पडल्यावर अफवा थांबते असं मी तरी पाहिलेलं नाही. ती पुन्हा तोंडी फिरू लागते आणि खुलासा तेवढा अडकून पडतो.

आता दुसरी बाजू. हल्ली पन्नाशीच्या पुढची शिकलेली माणसं (त्यांत मीही आलो) उसासा टाकून म्हणतात, पूर्वी संपादक होते, चाळण होती, काहीही छापलं जात नसे. चाळण होती खरी. ती कोणाच्या हातात होती?

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्रात एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं. इमारतींच्या पायात माणसांना तेलशेंदूर पाजून पुरत, हे लिहिलं. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हेही विचारलं. तिच्या आजीने हेच बोलून दाखवलं असतं तर गावाने त्याच्यापुढे ‘म्हणे’ लावून वाऱ्यावर सोडलं असतं. काही माणसांच्या तोंडच्या प्रत्येक शब्दाला ‘म्हणे’ जन्मतःच चिकटवलेलं असतं. पाटलाच्या वाड्यावरून आलेलं ते सत्य आणि वेशीबाहेरून आलेली ती कुरकुर. खिळ्याच्या अक्षराने मुक्ताच्या शब्दापुढचं हे ‘म्हणे’ काढून टाकलं. जे यंत्र कंडीला पुराव्याचा मान देत होतं, त्याच यंत्राने खऱ्यालाही तो दिला.

३१ जानेवारी १९२०ला बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं. पैसे मोजून द्यायची तयारी असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. जुन्या चाळणीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ही गोष्ट जवळ ठेवावी. त्या चाळणीत अडकलेले सगळेच खडे नव्हते. आजही कोण्या वस्तीतली पोरगी पाण्याच्या टाकीसाठी मोबाइलवर व्हिडिओ करते आणि चार दिवसांत तहसीलदार तिथे येऊन उभा राहतो, तेव्हा मला फोनला नावं ठेवणाऱ्यांत उभं राहवत नाही.

तरीही राईनपाडा आहेच.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही मंडळी. डवर म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य. ते वाजवत भैरवनाथाची गाणी म्हणत, भिक्षा मागत गावोगाव हिंडायचं हा त्यांचा पिढीजात रिवाज. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि बाजारात हाकाटी उठली. पोरं पळवणारे सापडले. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे, बंद खोलीत, ठेचून मारलं. मारणाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या तसे फोनही होते. चित्रण झालं आणि ते पुन्हा फिरलं.

त्या आधी कित्येक दिवस त्या पट्ट्यात मुलांच्या प्रेतांची चित्रं फिरत होती. मूत्रपिंडं काढून टाकलेली मुलं म्हणून. ती चित्रं होती सीरियातल्या घौटा इथे २०१३ साली विषारी वायूने मेलेल्या मुलांची. त्या उन्हाळ्यात देशभर आणखी एक चित्रफीत फिरली. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतून मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. शेवटी तो मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि मूल उचलणं किती सोपं आहे हे सांगणारा फलक दाखवतो. तो शेवट कोणीतरी कापला होता. अवघ्या काही सेकंदांचा तुकडा. त्या कापलेल्या तुकड्यात ‘म्हणे’ होतं.

राईनपाड्यातल्या माणसांना ‘अडाणी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ज्यांच्या हातात कधी वर्तमानपत्र नियमाने पडलं नव्हतं त्यांच्या हातात वर्ष-दोन वर्षांत थेट चलतचित्रं आली. छापील शब्दावर शंका घ्यायला शहरी मध्यमवर्गाला पाऊणशे-शंभर वर्षं मिळाली. ‘छापून आलंय’पासून ‘पेपरवाले काय, काहीही छापतात’ इथपर्यंतचा प्रवास तीन पिढ्यांचा आहे. त्यात खटले, बदनामीचे दावे, खुलाशांचे कोपरे, वाचकांचा पत्रव्यवहार असं बरंच खर्ची पडलं. साक्रीच्या पाड्यांना त्यासाठी एक पावसाळाही मिळाला नाही. शिवाय डोळ्यांनी पाहिलेल्याला ‘म्हणे’ लावायचं कसं? भाषेत तशी सोयच नाही. ‘मी बघितलं म्हणे’ असं कोणी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट फोनच्याही आधी तुटलेली होती. माझ्या लहानपणी डवरी गोसावी आमच्या गल्लीत यायचे ते साधारण ठरलेल्या दिवसांत. सुगीनंतर, जत्रेच्या सुमाराला. आजी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला नावाने ओळखायची, गेल्या वर्षी न आलेल्याची चौकशी करायची, पीठ घालताना त्याच्या सुनेचं काय झालं ते विचारायची. तो परका होता, पण ओळखीचा परका. आता भिक्षा मागणाऱ्यांची पोरं नव्या वाटांनी, नव्या तालुक्यांत जातात, जिथे त्यांचा बाप कधी गेलेला नसतो. इकडे गल्लीलाही फाटक बसलंय. फोनवर अनोळखी माणसाची भीती रोज ताजी येते. त्या भीतीला ‘अरे, हा तर आपला गोसावी’ म्हणून अडवणारं तोंड त्या बाजारात एकही नव्हतं. उलथापालथीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याची ओळख द्यायला गावात कोणी नाही, त्याच्यावर ती येऊन पडते.

त्याच रात्री मालेगावात जमावाने परभणीकडच्या पाच माणसांना घेरलं होतं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. अफवा तीच. पण स्थानिक माणसांनी त्यांना एका घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले, जमावाने त्यांच्या गाडीवरही हात टाकला. पाचही जण वाचले. मालेगावातले फोन राईनपाड्यातल्या फोनांपेक्षा वेगळे नव्हते.

नंतर उपाय झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलैत राज्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलायची मर्यादा घातली, ती पुढे जगभर लागू केली. एप्रिल २०२०पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या काळात जमावाच्या हातून मेले, हेही लिहायला हवं. मर्यादेचा काहीच उपयोग नाही असं मला म्हणायचं नाही. मधला वेळ थोडा परत मिळतो. पण त्याच कंपनीने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक राखाडी चिठ्ठी लावली, तिच्यात मला जास्त रस आहे. यंत्राने तयार केलेलं ते ‘म्हणे’च आहे. हे पाठवणाऱ्याचं स्वतःचं नाही, ऐकीव आहे, एवढंच ती सांगते. फसलं कुठे? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी पाहतो, दोन बाणांची खूण म्हणजे ‘अनेकदा पुढे पाठवलेलं’, आणि लोक ती शिक्क्यासारखी वाचतात. एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे काहीतरी असणारच. जे सावध करायला लावलं तेच साक्षीदारांची संख्या ठरलं.

त्यात आता बनावट आवाज आणि बनावट चेहरे आलेत. एसटीडीवाल्या बाईंना निदान जाऊबाईंपर्यंत माग काढता येत होता.

म्हणून ‘लोकांनी सजग राहावं’ या सल्ल्याचा मला कंटाळा आला आहे. खातरजमा करायला वेळ लागतो, पैसा लागतो, ओळखी लागतात. तीन पानी सत्यशोधन इंग्रजीत वेबसाइटवर टाकून राईनपाड्याला त्याचा उपयोग नव्हता. आठवडी बाजारात भिलीत किंवा अहिराणीत बोलणारं एक माणूस, ज्याचा शब्द तिथे चालतो, त्याचा झाला असता. पोलीस पाटील, आशाताई, शाळेचा गुरुजी, कोणीही. सरकार जाहिरातींवर खर्च करतं त्यातला थोडा पैसा अशा माणसांच्या हातात एक चालू नंबर देण्यावर जावा, ज्या नंबरावर रविवारी दुपारीही कोणी उचलतं. भटक्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. ‘या आठवड्यात ही मंडळी तुमच्याकडे येतील’ एवढा निरोप पुढच्या ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आधी पोचवता येतो. याला कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याच्या परिषदा भरत नाहीत.

एक भीती मात्र मला याच्या उलट बाजूची आहे आणि ती घरातलीच आहे. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पाच-सहा वर्षांपूर्वी ‘व्हॉट्सॲपवर आलंय’ हे ती ‘पेपरात आलंय’च्या थाटात सांगायची. कोविडच्या काळात काढ्यांचे सतरा प्रकार झाले, लशीबद्दल रोज एक नवी भीती आली, त्यातली निम्मी खोटी निघाली. तिचीच एक मैत्रीण लस न घेता गेली. तेव्हापासून आई सावध झाली. आता ती फोनवरच्या सगळ्यालाच ‘म्हणे’ लावते. मी खूष होतो. मग ते टीव्हीलाही लागलं, पेपरालाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडून आल्यावर पदर खोचत म्हणाली, ‘‘बीपी वाढलंय म्हणे.’’

तिच्या गोळ्या मी हल्ली रोज रात्री मोजतो.